महामारीनंतर माध्यमिक शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाच्या गरजा : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

कोविड-१९ महामारीनंतर माध्यमिक शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाच्या गरजा कोणत्या, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'तंत्रस्नेही अध्यापन' असे आहे. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा केली आहे. महामारीच्या काळात प्राथमिक इयत्तांत असलेले विद्यार्थी आता क्रमाक्रमाने माध्यमिक वर्गांत येत आहेत. त्यांच्या अध्ययनातील उणिवा ओळखणे आणि नियमित पाठ्यक्रम चालू असतानाच त्या भरून काढणे, ही शिक्षकाची खरी गरज आहे. उपलब्ध प्रशिक्षणात या गरजेला फारसे स्थान नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांची परिस्थिती समोर ठेवून या विसंगतीची कारणे आणि स्थानिक पातळीवर शक्य असलेले उपाय येथे मांडले आहेत.

१. प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या इयत्ता दहावीच्या परीक्षेतील भूगोलाची उत्तरपत्रिका लिहिण्याची संधीही विद्यार्थ्यांना मिळाली नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली, परंतु काही आठवड्यांतच दुसऱ्या लाटेमुळे शाळांना पुन्हा कुलूप लागले. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून, तर पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही काळ बंद राहिल्या.

या तारखांचा सर्वपरिचित तपशील येथे मुद्दाम दिला आहे. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले ग्रामीण भागातील मूल वर्गात प्रथम बसले, तेव्हा ते कागदोपत्री दुसरीत होते आणि त्या वर्षाचा निम्मा काळ सरला होता. हेच मूल २०२५-२६ मध्ये सहावीत आहे. ते जून २०२८ मध्ये नववीत येईल आणि २०३० मध्ये शालान्त परीक्षेस बसेल. २०२५-२६ या वर्षी नववीत असलेले विद्यार्थी २०२०-२१ मध्ये चौथीत आणि दहावीत असलेले विद्यार्थी पाचवीत होते.

'महामारीनंतरचा काळ' हा शब्दप्रयोग आपण सहजपणे करतो. माध्यमिक शाळेपुरते पाहिले, तर हा काळ अद्याप आलेलाच नाही. महामारीचे शैक्षणिक परिणाम माध्यमिक वर्गांत दर जूनमध्ये नव्याने दाखल होतात आणि पुढची काही वर्षे होत राहणार आहेत. विशेष म्हणजे प्रत्येक नवी तुकडी महामारीच्या वेळी आधीच्या तुकडीपेक्षा लहान होती, म्हणजे तिचे नुकसान अधिक मूलभूत पायरीवर झाले आहे. दहावीतील विद्यार्थ्याचा अपूर्णांकांचा पाया निसटला असेल, तर पाठोपाठ येणाऱ्याचा भागाकार आणि त्याच्याही मागून येणाऱ्याचे वाचन. शिक्षकांच्या गरजांचा विचार या क्रमाच्या संदर्भात व्हावयास हवा, ही प्रस्तुत लेखाची मुख्य भूमिका आहे.

२. दोन तालुके, अनेक परिस्थिती

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेजारी तालुके. नीरा डाव्या कालव्याने या दोहोंचे अर्थकारण घडविले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने आणि वालचंदनगरची औद्योगिक वसाहत ही त्याचीच फळे होत. परंतु कालव्याचे पाणी सर्वत्र पोहोचले नाही. बारामती तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा पट्टा परंपरेने जिरायती आहे. इंदापूर तालुक्यात भिगवण, पळसदेव या भागाला उजनी जलाशयाचा काठ लाभला, पण त्यासाठी जुनी गावे पाण्याखाली गेली. कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातील, म्हणजे 'टेल'च्या गावांची पाण्याबद्दलची तक्रार तर या परिसरातील वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही.

शैक्षणिकदृष्ट्या हा भाग संस्थासंपन्न आहे. १९६२ साली स्थापन झालेले बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ साली स्थापन झालेले विद्या प्रतिष्ठान, शारदानगर येथील शैक्षणिक संकुल आणि इंदापूर येथील महाविद्यालय यांमुळे उच्च शिक्षणाची सोय तालुक्यातच झाली. माध्यमिक शिक्षण मात्र येथेही, राज्याच्या उर्वरित ग्रामीण भागाप्रमाणेच, प्रामुख्याने खाजगी अनुदानित शाळांच्या हाती आहे. पुढील विवेचनात या बाबीचा पुन्हा संदर्भ येईल.

महामारीच्या काळात बारामतीचे नाव वेगळ्या कारणाने चर्चेत आले. एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातील भीलवाड्याच्या धर्तीवर येथे कडक निर्बंध लागू झाले. निर्बंध शहरात असोत वा गावात, ऊस आणि दूध थांबत नाही. शेती चालू राहिली आणि घरी असलेली मुले शेतीच्या कामाला लागली. स्मार्टफोन घरात एकच असेल, तर तो दिवसा वडिलांच्या खिशात शेतावर वा कारखान्यावर, हे चित्र या भागातील शिक्षकांना अपरिचित नव्हते. २०२१ च्या 'असर' सर्वेक्षणाने देशपातळीवर हेच नोंदविले. ग्रामीण भागातील ६७.६ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु अशा घरांतील २६.१ टक्के विद्यार्थ्यांना तो वापरावयास मिळतच नव्हता.

एकाच तालुक्यात शहरातील नोकरदारांची मुले, बागायतदारांची मुले, जिरायती पट्ट्यातील मुले, औद्योगिक वसाहतीतील स्थलांतरित कामगारांची मुले आणि गळीत हंगामापुरती येणारी ऊसतोड कामगारांची मुले आहेत. या सर्वांचे महामारीतील नुकसान सारखे नाही. त्यामुळे त्यांच्या शिक्षकांची गरजही सारखी असू शकत नाही.

३. गरज मोजण्याची प्रचलित रीत

शिक्षकांच्या व्यावसायिक गरजा शोधण्याची आपल्याकडील रीत ठरून गेलेली आहे. संशोधक एक प्रश्नावली तयार करतो. तीत माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान, मूल्यमापन, वर्गव्यवस्थापन, समावेशक शिक्षण, समुपदेशन अशी क्षेत्रे असतात. प्रत्येक क्षेत्रासमोर 'अत्यंत आवश्यक' पासून 'आवश्यक नाही' पर्यंतची पदनिश्चयन श्रेणी असते. सोयीनुसार निवडलेल्या शिक्षकांकडून ती भरून घेतली जाते, शेकडेवारी काढली जाते आणि ज्या क्षेत्राला सर्वाधिक शेकडेवारी मिळते, ती शिक्षकांची प्रमुख गरज म्हणून घोषित होते. महामारीनंतर ही प्रश्नावली ऑनलाइन फिरू लागली. त्यामुळे तंत्रज्ञान सहज वापरणारे शिक्षक तिच्यापर्यंत आधी पोहोचतात, हा आणखी एक दोष तिला जडला.

या रीतीविषयी तीन आक्षेप नोंदविता येतात.

पहिला आक्षेप असा की, शिक्षक यादीतूनच निवड करतो. जी गरज यादीत नाही, तिला शेकडेवारी मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 'नववीतील विद्यार्थ्यास वाचन शिकविणे' हे विधान माध्यमिक शिक्षकांसाठीच्या प्रश्नावलीत सहसा नसते, कारण वाचन शिकविणे हे माध्यमिक शिक्षकाचे काम आहे, असे प्रश्नावली तयार करणाऱ्यासच वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की, शिक्षकाने व्यक्त केलेली गरज ही पुष्कळदा त्याला आजवर जे देऊ केले गेले, त्याचे प्रतिबिंब असते. २०२० पासून शिक्षकांपर्यंत पोहोचलेल्या बहुतेक सूचना दीक्षा अॅप, ऑनलाइन वर्ग, चित्रफिती यांविषयी होत्या. अशा स्थितीत 'आपणास कशाचे प्रशिक्षण हवे?' असे विचारल्यास उत्तर 'तंत्रज्ञानाचे' असे येणे स्वाभाविक आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या अभ्यासांत विद्यार्थी कोठेच दिसत नाही. शिक्षकाची गरज ही अंतिमतः त्याच्या समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या गरजेतून निर्माण होते. विद्यार्थ्याची वही न पाहता शिक्षकाची गरज ठरविणे म्हणजे रुग्ण न तपासता वैद्याला कोणते औषध आवडते हे विचारण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखकही महाविद्यालयीन अध्यापकवर्गातील असल्याने ही टीका आपल्या सर्वांवरच आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद करावयास हवे.

४. तंत्रज्ञानाची गरज : किती आणि कोणती?

तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाची गरज नाही, असे सुचवावयाचे नाही. एप्रिल २०२० नंतर माध्यमिक शिक्षकांनी जे आत्मसात केले, ते बहुतांशी प्रशिक्षणाविना केले. व्हॉट्सअॅपवर गट करणे, स्वाध्यायाचे छायाचित्र मागविणे, फळ्यासमोर भ्रमणध्वनी उभा करून पाठाचे चित्रण करणे, हे सारे त्यांनी परस्परांकडून, प्रसंगी स्वतःच्या मुलांकडून शिकून घेतले. त्याच वेळी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेसारख्या सर्वेक्षणांची कामेही शिक्षकांवर होती. या स्वयंशिक्षणाची नोंद आपल्या साहित्यात पुरेशी झालेली नाही.

परंतु शाळा भरल्यानंतर त्यातील बरेचसे कौशल्य निरुपयोगी झाले. वर्गात चाळीस-पन्नास मुले समोर बसलेली असताना दूरस्थ अध्यापनाच्या युक्त्या कामास येत नाहीत. जी नवी तांत्रिक समस्या खरोखरच उभी आहे, ती वेगळी आहे. विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनी आता निबंध लिहितो आणि गणिते सोडवितो. त्यामुळे गृहपाठाची वही हा विद्यार्थ्याच्या आकलनाचा पुरावा राहिलेला नाही. याचाही निष्कर्ष पुन्हा तोच निघतो. विद्यार्थ्याला काय येते, हे समोर बसवून, बोलते करून जाणून घेण्याचे कौशल्य शिक्षकाला हवे आहे.

५. अपूर्णांकाची चूक : गरजेचे खरे स्वरूप

एक साधे उदाहरण घेऊ. नववीच्या बीजगणितात क्ष भागिले दोन अधिक क्ष भागिले तीन अशी राशी येते. विद्यार्थी तिचे उत्तर 'दोन क्ष भागिले पाच' असे लिहितो. शिक्षक ते चूक ठरवितो, लसावि घेण्याची रीत पुन्हा सांगतो आणि पुढे जातो. पुढील आठवड्यात तोच विद्यार्थी तीच चूक करतो.

ही चूक बीजगणितातील नाही. १/२ अधिक १/३ म्हणजे २/५, असे तो विद्यार्थी पाचवी-सहावीपासून मानत आलेला आहे. त्याच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नसून वर एक आणि खाली एक अशा दोन संख्या आहेत. त्याला एवढेच विचारावयास हवे, 'अर्धी भाकरी ताटात आहे. तीत आणखी तिसरा भाग वाढला, तर ताटातील भाकरी अर्धीपेक्षा कमी होईल की जास्त?' २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, हे त्याच्या लक्षात आले की त्याला स्वतःच्या उत्तराचा संशय येतो. रीत सांगण्याची वेळ त्यानंतरची आहे.

वर्गात हा प्रश्न विचारावयास दोन मिनिटे लागतात. पण तो सुचण्यासाठी चुकीमागचे कारण ओळखता यावे लागते आणि हे कौशल्य माध्यमिक शिक्षकाला कोणी दिलेले नसते. बी.एड. पदवीधारक शिक्षक दोन विषयांच्या अध्यापन पद्धती शिकतो. त्या पद्धतींत विद्यार्थ्याचे मागील इयत्तांचे ज्ञान 'पूर्वज्ञान' म्हणून गृहीत धरलेले असते. पाठटाचणात पूर्वज्ञानासाठी एक रकाना असतो आणि तो भरला की पाठ सुरू होतो. पूर्वज्ञान नसेल तर काय करावे, यासाठी रकाना नाही. वाचनाची सुरुवात, संख्याज्ञान, अपूर्णांकांची ओळख हे विषय प्राथमिक शिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमाकडे सोपविलेले आहेत. पूर्वीही काही विद्यार्थी कच्चे असत. परंतु ते थोडे होते आणि त्यांना 'मागे पडलेले' म्हणून बाजूला ठेवून वर्ग पुढे नेता येत असे. महामारीने हा अपवाद वर्गाचा मोठा भाग करून टाकला.

हे नुकसान एका विषयापुरते राहत नाही. नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणे आहेत. ती न सोडविता येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण भौतिकशास्त्राची असतेच असे नाही. गुणोत्तराची किंवा ऋण संख्यांची असू शकते. इतिहासाच्या प्रश्नाचे उत्तर न लिहिणाऱ्यास इतिहास येत नसतो, की उतारा वाचून समजत नसतो, हे वेगळे करून पाहावे लागते. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात गणिताची देशपातळीवरील सरासरी तिसरीत ३०६, पाचवीत २८४, आठवीत २५५ आणि दहावीत २२० होती. २०२३ च्या 'असर' अहवालात १४ ते १८ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश युवकांना दुसरीच्या स्तरावरील मातृभाषेतील उतारा सहज वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे केवळ ४३.३ टक्क्यांना जमले. डिसेंबर २०२४ च्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात नववीच्या विद्यार्थ्यांची गणितातील सरासरी ३७ टक्के होती. ही आकडेवारी देशाची आहे, आपल्या दोन तालुक्यांची नाही. परंतु आपल्या वर्गांत ती कितपत खरी आहे, हे तपासणे कोणत्याही शिक्षकास एका आठवड्यात शक्य आहे.

या परिसरात तर अध्यापनासाठी जिवंत सामग्री विपुल आहे. साखर उतारा १०.२५ टक्के असेल, तर एक टन उसापासून १०२.५ किलो साखर मिळते, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरातील बोलण्यात असतो. शेकडेवारी न समजणाऱ्या विद्यार्थ्यास ती उताऱ्यावरून समजविणे सोपे जावे. पाळीचे पाणी, ठिबकचा प्रवाह, उजनीची टक्केवारी ही सारी गुणोत्तरे आहेत. मात्र असे पाठ पुण्याहून वा दिल्लीहून तयार होऊन येणार नाहीत. ते येथील शिक्षकांनीच एकत्र बसून रचावे लागतील.

६. उपलब्ध प्रशिक्षण आणि त्यातील पोकळी

कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दरवर्षी किमान ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली. पाच वर्षांचे हे २५० तास होतात. दिवसाला सहा तास धरल्यास सुमारे ४२ दिवस. म्हणजे कोठारी आयोगाच्या किमान अपेक्षेपर्यंतही आपण पोहोचलेलो नाही. तरीही तासांची संख्या ही दुय्यम बाब मानू आणि या तासांत काय असते, ते पाहू.

माध्यमिक शिक्षकांसाठीचा 'निष्ठा २.०' हा कार्यक्रम जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. त्यातील तेरा अभ्यासक्रमांपैकी बारा सर्वसाधारण स्वरूपाचे आणि एक विषयाच्या अध्यापनशास्त्राचा होता. दृक्श्राव्य साहित्य पाहावयाचे, अखेरीस बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी द्यावयाची आणि ७० टक्के गुण मिळाल्यास प्रमाणपत्र घ्यावयाचे, अशी त्याची रचना. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांवरील 'निष्ठा ३.०' मात्र प्राथमिक स्तरासाठी होता. जुलै २०२१ मध्येच सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे राष्ट्रीय ध्येय तिसरीअखेर पायाभूत कौशल्ये साध्य करण्याचे आहे. २०२०-२१ मध्ये तिसरी-चौथीत असलेली मुले हे अभियान सुरू झाले, तेव्हा चौथी-पाचवीत गेली होती. ज्या मुलांचे नुकसान झाले, ती अभियानाच्या कक्षेबाहेर आणि आज ज्यांच्या वर्गात ती आहेत, ते शिक्षक त्या प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर. ही दुहेरी पोकळी कोणी हेतुतः निर्माण केलेली नाही. विद्यार्थी दरवर्षी पुढे सरकतो आणि योजना इयत्तेला बांधलेली असते, या साध्या गोष्टीतून ती निर्माण झाली.

राज्याने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला आणि पुढील दोन वर्षांतही तो कमी दिवसांचा करून राबविला. विद्यार्थ्याच्या मागील उणिवेची अधिकृत दखल घेणारा हा उपक्रम स्वागतार्हच होता. परंतु त्याची मांडणी लगतच्या मागील इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर आधारलेली होती. सेतू एका इयत्तेचा आणि दरी तीन इयत्तांची, अशी स्थिती असेल, तर पलीकडचा काठ गाठता येत नाही.

दुसरी पोकळी यंत्रणेतील आहे. प्राथमिक शिक्षकाच्या मागे केंद्रप्रमुख, केंद्रस्तरीय शिक्षण परिषद, गटसाधन केंद्र आणि गटशिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे. तिच्या गुणवत्तेबद्दल मतभेद असू शकतील, पण ती आहे. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षकासाठी तालुका पातळीवर अशी नियमित शैक्षणिक व्यवस्था नाही. त्याचा प्रशासकीय संबंध जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांशी येतो आणि तोही मुख्यतः मान्यता, वेतन व माहिती यांपुरता. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था लोणी काळभोरला आहे. इंदापूरहून तेथे जाऊन येण्यात पूर्ण दिवस जातो. राज्यस्तरावर तज्ज्ञांचे प्रशिक्षण, त्यांच्याकडून जिल्ह्याचे, मग तालुक्याचे, ही पद्धत येथील शेतकऱ्यास चांगली समजेल. पाणी वरून पुरेसे सुटले, तरी 'टेल'ला किती पोहोचेल, याची खात्री नसते.

तिसरी पोकळी प्रेरणेची आहे. माध्यमिक शिक्षक ज्या प्रशिक्षणाची खऱ्या अर्थाने वाट पाहतो, ते म्हणजे १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर निवड वेतनश्रेणीसाठी आवश्यक असलेले. ते पूर्ण करणे हा त्याच्या वेतनाचा प्रश्न असतो आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु चोवीस वर्षांत दोनदा सक्तीने घ्यावयाच्या प्रशिक्षणास 'निरंतर विकास' म्हणता येणार नाही.

७. एक संभाव्य आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, शालान्त परीक्षेचे निकाल उत्तम लागत आहेत. राज्याचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ९३.८३ टक्के, २०२४ मध्ये ९५.८१ टक्के आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के होता. मग नुकसान कोठे आहे?

याचे उत्तर निकालांच्या इतिहासातच आहे. २०२१ साली परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तेव्हा तो ९९.९५ टक्के होता. विद्यार्थी वर्गात सर्वांत कमी बसले, त्या वर्षीचा निकाल सर्वांत उच्च लागला. उत्तीर्णतेची टक्केवारी आणि अध्ययन यांचा संबंध किती सैल आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. २०२१ ची ती तुकडी २०२३ मध्ये पदवीच्या प्रथम वर्षास आली. तिला शिकविणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांना याहून अधिक पुरावा देण्याची आवश्यकता नाही.

'पाठ्यक्रम पूर्ण करावयाचा, की मागचे शिकवायचे?' हा शिक्षकांचा प्रश्न मात्र अधिक खरा आहे आणि त्यास सोपे उत्तर नाही. मागचे सर्व शिकविणे शक्य नाही. पुढच्या प्रकरणासाठी मागचे नेमके कोणते लागते, हे ठरवून तेवढेच शिकविणे शक्य आहे. ही निवड करता येणे, हेच या काळातील माध्यमिक शिक्षकाचे सर्वांत महत्त्वाचे व्यावसायिक कौशल्य होय.

८. स्थानिक पातळीवरील उपाय

वरील चिकित्सेतून पुढील सूचना निघतात. त्यांपैकी बहुतेकांस मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

(अ) आठवी व नववीच्या वर्गांत जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत विषयशिक्षकाने स्वतः निदान करावे. ते गुण देण्यासाठी नसावे. वाचन, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी एवढेच त्यात असावे व त्यातील काही भाग तोंडी असावा. शिक्षकाची गरज प्रश्नावलीतून न ठरविता या निदानातून ठरवावी.

(आ) अर्ध्या तासाच्या अंतरातील आठ-दहा माध्यमिक शाळांचा एक विषयगट करावा. बारामतीत सुपे-मोरगाव, माळेगाव-पणदरे, तर इंदापुरात भिगवण-पळसदेव, लासुर्णे-वालचंदनगर असे गट भौगोलिकदृष्ट्या सोयीचे आहेत. महिन्यातून एक अर्धा दिवस गणिताचे शिक्षक विद्यार्थ्यांच्या वह्या घेऊन एकत्र बसतील. चर्चेचा विषय त्या वह्यांतील चुका एवढाच असेल. भाषा व विज्ञान शिक्षकांनीही असेच करावे. हा वेळ धोरणातील ५० तासांत धरला जावा, यासाठी मुख्याध्यापक संघाने शिक्षण विभागाकडे आग्रह धरावा.

(इ) प्राथमिक शिक्षकास या गटात तज्ज्ञ म्हणून सन्मानाने बोलवावे. आपल्याकडील अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासून असतात. भागाकार व वाचन शिकविण्यात आयुष्य घालविलेला पदविकाधारक सहकारी त्याच शिक्षकखोलीत बसलेला असतो. पदवी आणि वेतनश्रेणी यांच्या भेदामुळे त्याच्या ज्ञानाचा उपयोग नववीच्या शिक्षकास होत नाही. गावातील जिल्हा परिषद शाळेचे दार तर त्याहून जवळ असते. या सूचनेस खर्च काहीच नाही. अडचण आहे ती प्रतिष्ठेच्या कल्पनेची.

(ई) महाविद्यालयांनी यजमानपद स्वीकारावे. बारामती व इंदापूर येथील महाविद्यालयांकडे सभागृहे, ग्रंथालये, प्रयोगशाळा आहेत. २०२२ मध्ये बारामतीत सुरू झालेल्या राजीव गांधी विज्ञान व नवोपक्रम केंद्रासारखी सोय आहे. गणित, भाषा आणि शिक्षणशास्त्र या विभागांनी विषयगटांबरोबर वर्षभर काम केल्यास त्यातून होणारे कृतिसंशोधन, आज होणाऱ्या एकदिवसीय कार्यशाळांच्या अहवालांपेक्षा निश्चितच अधिक उपयुक्त ठरेल. विद्यार्थी अखेर आपल्याकडेच येणार असल्याने हे परोपकाराचे कामही नाही.

(उ) शिक्षकाचा वेळ सुरक्षित राहिला पाहिजे. माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांतून जो वेळ उरतो, त्यात वरील काहीही घडणार नाही. मुख्याध्यापकाने वेळापत्रकात निदान व उपचार यांसाठी तासिका राखून ठेवल्याशिवाय शिक्षकाने घेतलेले कोणतेही प्रशिक्षण वर्गापर्यंत पोहोचत नाही.

९. समारोप

माध्यमिक शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाचा प्रश्न महामारीने निर्माण केला नाही. पूर्वज्ञान गृहीत धरणारी शिक्षक-शिक्षणाची रचना, प्राथमिक व माध्यमिक यांमधील भिंत आणि तालुका पातळीवरील शैक्षणिक आधाराचा अभाव या गोष्टी आधीच होत्या. महामारीने त्या झाकून ठेवणे अशक्य केले. त्यांवर तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाचा उपाय करणे म्हणजे २०२० सालच्या अडचणीचे उत्तर आजच्या वर्गाला देणे होय.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली, पण जिला त्या वर्षी शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही, अशी तुकडी जून २०२८ मध्ये सुपे, भिगवण, वालचंदनगर येथील नववीच्या वर्गांत येऊन बसेल. तिच्या येण्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे. तिला काय कमी पडण्याची शक्यता आहे, हेही बऱ्याच अंशी ठाऊक आहे. तिच्या स्वागतासाठी शिक्षकाला सज्ज करण्याची मुदत त्या जूनपर्यंतचीच आहे. ती वाया गेल्यास त्याचा दोष महामारीला देता येणार नाही.